मेंडोलिनला अभिषेक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचा गडी चादरीत काहीतरी गुंडाळून माझ्या कारखान्यात आला, ते बाकावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. चादर उघडली तर आत मेंडोलिन. म्हणजे एके काळचं मेंडोलिन. वरची तबली एका बाजूने उचकटून बोटभर वर आलेली, खालच्या पोटाच्या पट्ट्यांनी एकमेकींशी काडीमोड घेतलेला, घोडी लोळत पडलेली, आठातल्या दोन तारा तुटून झुरळाच्या मिशांसारख्या उभ्या.

"पंतांनी सांगितलंय, लवकर नीट करून दे."

"काय झालं याला?"

"मोडलं."

"कोणी मोडलं?"

"मला इचारू नको. मी जाजम झटकतो, पाणी भरतो. वाद्याचं खातं माझं नाय."

गडी शहाणा होता. त्या मंडळात आपलं काम कोणतं आणि आपलं नसलेलं कोणतं हे कळणारा तेवढा एकच.

मंडळ म्हणजे आमच्या पनवेलचं नादसागर संगीत मंडळ. भाताच्या एका वखारीच्या माडीवर ते भरायचं. खाली उंदीर, वर रसिक. सभासद बत्तीस. त्यातले चार जण काहीतरी वाजवत आणि उरलेले अठ्ठावीस मान हलवत. अध्यक्ष कमळाकरपंत. वकिली सोडून सात-आठ वर्षं झाली होती, पण समोरच्याला आरोपी समजायची सवय सुटली नव्हती. ते पेटी वाजवायचे. पेटी त्यांची स्वतःची, परदेशी सुरांची, आणि ती त्यांच्याशिवाय कोणी उघडायची नाही असा मंडळाचा न लिहिलेला नियम होता. लिहिलेले नियमही होते, ते इतरांसाठी.

मेंडोलिन वाजवणारा मंडळात एकच, शिवा घरत. जासईचा, मिठागरावर मीठ ओढणाऱ्या घरातला. आणि तो सभासद नव्हता. सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागते, आणि मिठागरावरच्या माणसाची शिफारस करतील असे दोघे त्या बत्तिसांत पाच वर्षांत निघाले नाहीत. तो यायचा, पायऱ्यांजवळ वहाणा काढायचा, जाजमाच्या कडेला बसून वाजवायचा, आणि चहा आला की त्याचा कप वेगळा असायचा. हे सत्तावन्न साल. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाल्याबद्दल याच मंडळाने नुकताच समतेवर कार्यक्रम केला होता. त्यातही शिवानेच वाजवलं. कप तोच होता.

मुळात ते मेंडोलिन मंडळाचं कसं झालं तेही ऐका. मीठखात्यात फर्नांडिस नावाचे एक गोवेकर साहेब होते. जासईच्या बाजूला त्यांची नेमणूक होती. बंगलीच्या पडवीत ते वाजवत बसत आणि शिवा कुंपणापलीकडे उभा राही. साहेबांनी एक दिवस त्याला आत बोलावलं आणि बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. चार वर्षं शिकवलं. बदली झाली तेव्हा मेंडोलिन त्याला देऊन निघाले. पण शिवाचं घर खाडीकडेला, कुडाचं. पावसाळ्यात भिंतीतून खारं पाणी पाझरायचं. साहेब म्हणाले, हे इथे राहिलं तर दोन पावसाळे काढणार नाही, पनवेलला कोणा भल्या माणसाकडे ठेवू. त्यांना कोणीतरी कमळाकरपंत भले आहेत असं सांगितलं. साहेब बाहेरगावचे होते, त्यांची चूक नाही.

ठेवायला दिलेली वस्तू पहिल्या वर्षी "मंडळाकडे असलेलं वाद्य" झाली, दुसऱ्या वर्षी "मंडळाचं वाद्य". तिसऱ्या वर्षी कपाटाला कुलूप आलं. शिवाने एकदा विचारलं तर पंत म्हणाले, तुझ्या हाताला मीठ असतं, तारांना गंज चढतो. वास्तविक तो पोरगा हात तीनदा धुऊन, राखेने चोळून, कोरडे करून मग मेंडोलिनला शिवायचा. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या तुकड्याने एकेक तार पुसायचा, आणि आठ दिवसांनी यायचा असला की तारा जरा उतरवून ठेवायचा, तबलीवर ताण नको म्हणून. आपल्या म्हातारीचे पाय कोणी एवढ्या मायेने चेपत नसेल.

मी विठू, सुतार. बैलगाडीची चाकं करतो. या मेंडोलिनची एक खुंटी सैल झाली तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. भोकातून आत दिवा धरून बघितलं आणि मला माझी लाज वाटली. माझं चाक वीस मण ओझं पेलतं, पण त्यासाठी मी बाभळीचा अर्धा वृक्ष खर्ची घालतो. आणि इथे पापडाएवढ्या पातळ एकवीस पट्ट्या वाकवून एकमेकींना नुसत्या सरसाने चिकटवलेल्या. एक खिळा नाही. आठ तारा त्याला रात्रंदिवस ओढताहेत आणि ते हू का चू करत नाही. ज्याने कोणी हे केलं त्याच्या रंध्याचं पातं बघायला मिळावं म्हणून मी आगबोटीचं भाडं काढलं असतं. तेव्हापासून त्याची खुंटी, घोडी, पडदे सगळं मी बघायचो, आणि त्या निमित्ताने शिवाची आणि माझी दोस्ती झाली.

तर असं ते मेंडोलिन बाकावर पडलेलं. मी तबली हलक्या हाताने उचलली. आतून आंबूस वास आला. मग मुंग्या आल्या, शिस्तीत, एका ओळीत, सरकारी कचेरीतून माणसं बाहेर पडतात तशा. मग तुळशीचं पान. मग अक्षता. बोट फिरवलं तर चिकट. बोट नाकाशी नेलं: मध, दही, तूप.

मी खाली बसलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आम्ही सगळे हत्यारं पुजतो. मीही पुजली होती: रंधा, करवत, वाकस, पटाश्या, गिरमिट, सगळी पाटावर मांडून. पण हत्याराला देव मानणारा सुतारसुद्धा रंध्यावर पाणी ओतत नाही. आम्ही फडक्याने पुसतो, तेलाचा हात फिरवतो, कुंकवाचं एक बोट आणि एक झेंडूचं फूल. अडाणी माणसं आम्ही. नादसागर मंडळाने मात्र आपल्या हत्याराला पंचामृताने न्हाऊ घातलं होतं, तेही पोटातून. सरस म्हणजे काय, उकळलेलं कातडं. पाणी लागलं की मऊ पडतो. रात्रभर ते दूध-दही आत मुरलं, आणि दसऱ्याला शिवाने तारा चढवल्या तेव्हा सांध्यांनी हात सोडले.

मी खूप हसलो. मग मला राग आला. आणि राग आला की मी काम करतो, ही माझी खोड. तूप लागलेल्या लाकडाला सरस धरत नाही, म्हणून पिळलेल्या गरम फडक्याने आतून पुसलं. खडूची पूड लावून तेलकटपणा ओढून घेतला. जुना सरस पटाशीच्या कोपऱ्याने खरवडला. अक्षतांचा दाणा न् दाणा काढला. तुळशीचं पान चुलीत गेलं, मुंग्या परसात गेल्या. दोन दिवसांनी ते मेंडोलिन आतून असं स्वच्छ झालं की नुकतंच जन्मलं असावं. मग सावलीत वाळत ठेवलं. उन्हात ठेवलं असतं तर पट्ट्या तडकल्या असत्या.

सहाव्या दिवशी पंत स्वतः कारखान्यात आले. आजवर ते माझ्या दारात फक्त एकदा आले होते, पावसात अडकून. ते आले, ढलप्यांवर जपून पाय टाकत स्टुलावर बसले आणि खिशातून कागद काढला.

"विठू, तू जाणता माणूस आहेस."

एवढं ऐकलं आणि मी वाकस खाली ठेवला. पंत कोणाला जाणता म्हणाले की त्याचं काहीतरी जाणार.

"दसऱ्याला त्या शिवाने भर कार्यक्रमात तारा ताणून वाद्य फोडलं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रविवारी सभा आहे. त्याला पुन्हा मंडळाच्या वाद्याला हात लावू द्यायचा नाही, असा ठराव मांडायचा आहे. तज्ज्ञ म्हणून तुझं मत हवं. मी लिहून आणलंय, तू फक्त सही कर."

कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं की वाद्याचा सांधा तारा प्रमाणाबाहेर ताणल्याने सुटला, असं माझं कारागीर या नात्याने ठाम मत आहे. माझं ठाम मत मला असं दुसऱ्याकडून कळलं.

"पंत, आत मध होता," मी म्हणालो. "दही होतं. अक्षता होत्या."

ते जराही हलले नाहीत. मेंडोलिन हातात घेतलं, भोकातून आत बघितलं, बोट फिरवलं, बोट मला दाखवलं. कोरडं.

"कुठे आहे?"

मी परसाकडे बघितलं. मुंग्या तिकडे गेल्या होत्या.

"मी चाळीस वर्षं कोर्टात काढली, विठू. जे दाखवता येत नाही ते नसतं." मग आवाज एकदम मऊ झाला. "रविवारी ये. वर खुर्ची मांडायला सांगतो तुझ्यासाठी. तज्ज्ञ सभासद म्हणून तुझं नाव सुचवावं असं माझ्या मनात आहे. शिफारशीची काळजी करू नको."

खोटं कशाला लिहू. त्या माडीवरची एकूणएक खुर्ची मी दुरुस्त केलेली आहे आणि एकीवरही बसलेलो नाही. पंत गेल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होतो, आणि मनातल्या मनात मला त्या खुर्चीवर बसलेला मी दिसत होतो. टोपी घातलेला.

मैना, माझी बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"घरात दूध सांडलं तर वलांडून जाता," ती म्हणाली. "आणि तिथं मात्र चाटूनपुसून साफ केलंत. एक मुंगी तरी ठेवायची होती साक्षीला."

"गप बस."

"बसते की. मी कुठं तज्ज्ञ हाय."

शुक्रवारी दुपारी शिवा आला. जासईहून चालत. बाकावर मेंडोलिन सुतळीने करकचून बांधलेलं होतं. सगळे सांधे चिकटवून, वेढे देऊन, खाली पाचरी ठोकून ठेवलं होतं, पोतडीत बांधलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. तो त्याच्याजवळ गेला, हात पुढे केला, मग आठवण झाल्यासारखा हात मागे घेऊन लेंग्याला पुसला.

"वाजंल का रं, विठूदा?"

"वाजेल."

"पयल्यासारखा?"

"पहिल्यासारखं नाही. जरा भारी आवाजात बोलेल. आजारातून उठलेला माणूस बोलतो तसं."

त्याने मान हलवली. "त्या दिवशी हातात घेतला तवाच जड लागला. वासपण येत होता. मना वाटला, कुणीतरी परसाद ठेवला आसंल बाजूला. मी तारा नेमीच्याच चढवल्या रं. नेमीच्याच."

"मला माहीत आहे."

"सभेची चिठ्ठी आयली घरी." तो खाली बसला, ढलप्या हाताने चाळत. "गडी म्हनला, पंतांचा कागद तुझ्याकडं हाय. त्यावर सही कर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय करू?"

"सही कर. आमी भांडलो तर ते म्हनतील, बघा, माज चढला. मंग दार कायमचं बंद. तू सही कर, मी पाया पडून माफी मागतो. वरीसभरानं राग उतरंल, परत बसू देतील कडंला. मिठागरावर वरीस कसंबी जातं. पन त्या कपाटाला कायमचं कुलूप लागलं तर मी कुठं जाऊ? दुसरा मेंडोलिन मना या जन्मात नाय मिळायचा."

तो रडत नव्हता. हिशेबाने बोलत होता, आणि त्याचा हिशेब बरोबर होता, हेच मला सहन झालं नाही. ज्याचं वाद्य त्यानेच ते मोडल्याची माफी मागायची, म्हणजे ज्यांनी मोडलं ते त्याला त्याचंच वाद्य लांबून बघू देतील. पनवेलात एवढं स्वस्तात काही मिळत नाही.

"शिवा," मी म्हणालो, "तू रविवारी ये. पायऱ्यांजवळ उभा राहा आणि तोंड उघडू नकोस."

"तू काय करनार?"

"मला खुर्चीवर बसायचंय. खूप वर्षांची इच्छा आहे."

रविवारी दुपारी माडी भरली होती. मंडळाच्या मैफलीला बारा जण येतात, पण कोणाला तरी हाकलायचं असलं की बत्तीसच्या बत्तीस. माझी खुर्ची पंतांच्या डाव्या हाताला. बसलो तशी ती उजवीकडे कलली. मागचा पाय मीच बसवला होता, तीन वर्षांपूर्वी, घाईत. पंतांच्या पलीकडे त्यांची पेटी, मखमली झाकण घातलेली. भिंतीला टेकून दाजीशास्त्री, मंडळाचे पुरोहित, सत्तरीचे, डोळे मिटलेले. शिवा माडीच्या दाराशी, वहाणांच्या ढिगाजवळ.

चिटणीस भगवानराव. त्यांनी इतिवृत्त वाचलं. "दसऱ्याच्या कार्यक्रमात वादक शिवा घरत, राहणार जासई, याने निष्काळजीपणे तारा ताणल्याने मंडळाच्या मालकीचे वाद्य भंग पावले. सबब सदर इसमास मंडळाच्या वाद्यांस स्पर्श करण्यास कायमची मनाई करण्यात यावी."

पाया पडून वर्षभराने परत, हा शिवाचा हिशेब तिथेच बुडाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आपले तज्ज्ञ विठू सुतार यांचं मत घेऊ," पंत म्हणाले, आणि टाक माझ्यापुढे सरकवला. मी खिशातून तो कागद काढला.

"देतो," मी म्हणालो. "आधी एक विचारतो. खंडेनवमीच्या पूजेचं इतिवृत्तात काही आलं नाही. यंदा मंडळाने वाद्यं पुजली नाहीत का?"

माडीत चुळबुळ झाली. पूजा झाली नाही म्हणजे काय ते बत्तीसही जणांना कळत होतं. वर्षभरात एखाद्याला नुसता ताप आला तरी तो या मंडळाच्या नावावर गेला असता.

"पुजली तर," पंत म्हणाले. "त्याचा इथे संबंध नाही."

"तज्ज्ञ आहे म्हणून विचारतो. व्यवस्थित पुजली की उरकली?"

"थोडं गंधफूल वाहिलं. नेहमीप्रमाणे."

भिंतीजवळचे डोळे उघडले.

"थोडं गंधफूल?" दाजीशास्त्री म्हणाले. "कमळाकर, काय बोलतोस? पंचामृत मोजून अर्धा शेर होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा म्हटल्या मी, दर ऋचेला एक पळी. वर शुद्ध पाणी तांब्याभर. आणि म्हणे गंधफूल."

"शास्त्रीबुवा, ते राहू द्या."

"का राहू द्या? मी उरकणारा भट नाही. सत्तर वर्षांत कोणी मला असं म्हटलेलं नाही."

"बुवा, त्या मेंडोलिनवर वरवर शिंपडलं असेल," मी म्हणालो.

"वरवर?" ते आता गुडघ्यांवर उठून बसले. "अरे, त्याच्या छातीवर चांगलं मुख आहे वाटोळं. त्यातून घातलं, प्रत्येक पळी आत. यंदा या कमळाकरनेच तसं सांगितलं. म्हणाला, वाद्य परधर्मीयाच्या घरून आलंय, शुद्धी आतून झाली पाहिजे."

पंतांनी घसा खाकरला. भगवानरावांनी टाक दौतीत बुडवला आणि काय लिहावं ते न कळून तसाच धरला.

"मग पेटीलाही अर्धा शेर लागलं असेल," मी म्हणालो.

"छे. पेटीवर फक्त फूल. याने आपलं उपरणंच काढून पेटीवर टाकलं आधी. मला म्हणाला, बुवा, इकडे थेंब उडू देऊ नका, सूर बसतील."

 मग मागून तबलजी हसला. तो सभासद होता, पण पंतांनी त्याला दोन महिन्यांपूर्वी ताल चुकतो म्हणून चारचौघांत सुनावलं होतं. त्याच्यामागून आणखी दोघे-तिघे हसले. कोणाला न्याय वगैरे सुचला म्हणून नव्हे. दुसऱ्याची फजिती बघायला मिळाली म्हणून. आम्हा पनवेलकरांना तेवढंही पुरतं.

पंत मात्र जुने वकील. ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे पूजेमुळे वाद्य मोडलं असं तुझं मत? छान. लिही तसं. देवाच्या पूजेने वाद्य मोडलं, असं लिही आणि खाली सही कर. उद्या देवळाबाहेर लावतो."

हसणारे गप्प झाले. शास्त्रीबुवांनीही भुवया चढवल्या. बत्तीस तोंडं माझ्याकडे वळलेली, आणि माझ्या खुर्चीचा पाय हलत होता. मी उठून उभा राहिलो, त्यांच्या सुंदर अक्षरावर आडवी रेघ मारली आणि खाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"सरसाने जोडलेल्या लाकडात अर्धा शेर दूध, दही, तूप, मध, साखर आणि तांब्याभर पाणी शिरल्याने सरस मऊ पडून सांधे सुटले. तारा मापात होत्या. विठू सुतार." कागद पंतांपुढे ठेवला. "यात देवाचं नाव कुठे नाही. देवाने ओतलं नव्हतं."

दाजीशास्त्र्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला. "अर्धा शेर. बरोबर लिहिलंय," असं म्हणून त्यांनी समाधानाने परत भिंतीला पाठ टेकली. त्यांच्यापुरता निकाल लागला होता.

यापुढे ठराव मागे घेऊन शिवाला मेंडोलिन द्यावं, असं कोणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याने मंडळ पाहिलेलं नाही. पाच मिनिटं कुजबुज झाली आणि पंत उभे राहिले. म्हणाले, कोणाचाच दोष नाही, गैरसमज झाला, सदर इसमावरचा ठपका आम्ही मोठ्या मनाने काढून घेतो. मात्र एवढं मौल्यवान वाद्य पुन्हा धोक्यात घालणं बरं नाही, तेव्हा ते काचेच्या कपाटात ठेवावं आणि पुढल्या खंडेनवमीपर्यंत कोणीही वाजवू नये. एकमताने मंजूर. टाळ्यासुद्धा वाजल्या. कोणी मोडलं ते ठरलं नाही, कोणाची माफी मागितली नाही, आणि सगळ्यांना घरी जाऊन चहा पिता येणार होता.

दाराशी शिवाने माझ्याआधी ओळखलं होतं. तो निर्दोष सुटला आणि मेंडोलिनला शिक्षा झाली. तो वाकून वहाणा शोधायला लागला.

"विठू, वाद्य उद्या पाठवून दे," पंत म्हणाले.

"उद्या नाही जमायचं. ओलं आहे."

"कधी वाळेल?"

"लाकूड आहे, पंत. ते तारीख देत नाही."

"दोन दिवस, चार दिवस?"

"आतपर्यंत मुरलंय. वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. आणि नुसतं ठेवून चालत नाही. वाळता वाळता ते हलकं हलकं वाजवत राहायला लागतं, नाहीतर सांधा मुका बसतो आणि पुढे कपाटातसुद्धा उघडतो. आठवड्यातून एकदा, माझ्या देखरेखीखाली. तुमच्यातल्या कोणालाही पाठवा." मी माडीभर नजर फिरवली. "कोण येतंय?"

बत्तीस रसिकांनी जाजमाची नक्षी बघायला घेतली. तबलजीने पंतांकडे बोट केलं, पंतांनी ते पाहिलं नाही असं केलं.

"कोणीच नसेल तर त्या इसमालाच बोलवावं लागेल," मी म्हणालो. "माझा नाइलाज. मंडळाच्या जागेत तो पाऊल ठेवणार नाही, कारखाना माझा आहे. ठराव कपाटातल्या वाद्याचा आहे, तो कुठे मोडत नाही."

 मी खोटं बोलतोय हे पंतांना कळत होतं. पण सुतारकामातलं खोटं कसं पकडायचं हे कोर्टात शिकवत नाहीत, आणि पंचामृताचा विषय पुन्हा उघडायची त्यांची तयारी नव्हती. खरं तर सगळंच खोटं नव्हतं. जोडलेलं लाकूड वाजवल्याने मोकळं होतं, हे फर्नांडिस साहेबांनीच शिवाला सांगितलं होतं. किती दिवसांत, ते तेवढं सांगितलं नव्हतं.

"लवकर वाळव," पंत म्हणाले.

तज्ज्ञ सभासद म्हणून माझं नाव सुचवायचं त्या दिवशी राहून गेलं. पुढेही राहूनच गेलं.

सुतळी सोडली, तारा चढवल्या, आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून शिवा येतोय. बाकाच्या टोकाला बसतो. मी रंधा मारतो, तो वाजवतो. पहिले दोन महिने नाटकातली पदं वाजवायचा, मंडळात वाजवायचा तीच, मान खाली घालून. मग एकदा मैनेने शिवाच्या लोकांच्या, आगऱ्यांच्या लग्नातला एक धवला मागितला, हळदीला बायका गातात तो. त्याने वाजवून बघितला आणि स्वतःच थबकला. हे त्याला माडीवर कधी कोणी मागितलं नव्हतं. चहा आम्ही तिघंही एकाच जातीच्या कपातून पितो. म्हणजे तिन्ही कप फुटक्या कानाचे.

पंतांचा गडी महिन्यातून एकदा येतो. कालही आला. वैशाखाचं ऊन होतं, बाहेर रस्त्यावर बैल उभे राहत नव्हते, आणि त्याच्या डोक्यावरचा पंचा घामाने भिजून चिकटला होता. शिवाचं वाजवणं चाललं होतं. गडी दारातच थांबला, तो तुकडा संपेपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाला, "पंतांनी इचारलंय, वाळलं का?"

"नाही."

त्याने बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग मेंडोलिनकडे, मग माझ्याकडे.

"सांगतो, आजून ओलं हाय म्हणून," तो म्हणाला. "जरा पानी द्या प्यायला."

मैनेने तांब्या दिला. तो प्यायला, उंबऱ्यावर टेकला आणि शिवाला म्हणाला, "मघाचा तो परत लाव."

"विठूदा," शिवाने तार पिळत विचारलं, "किती दिवस चालंल रं ह्यो?"

"तारांची तिसरी जोडी उतरलीय," मी म्हणालो. "ती आधी लाव नीट."